दीड टन की दोन टन? आधी डोक्यावरचा स्लॅब मोजा

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे पुढचा हिशेब वाचणाऱ्या सगळ्यांना धरता येईल. जळगावात दुमजली घर. वरच्या मजल्यावर १२ बाय १४ फुटांची झोपायची खोली, डोक्यावर थेट गच्ची. पश्चिमेची आणि दक्षिणेची भिंत उघडी, पश्चिमेला ५ बाय ४ फुटांची काचेची खिडकी. तीन वर्षांपूर्वी दीड टनाचा एसी बसवला, बाहेरचं युनिट गच्चीवर कठड्याच्या कोपऱ्यात. मार्चपर्यंत सगळं ठीक. एप्रिल सरता सरता खोली दुपारी ३० च्या खाली उतरत नाही आणि रात्री दहाला सुरू केलेलं मशीन एक वाजेपर्यंत थांबत नाही. दुकानदार म्हणतो, हा काढा, दोन टनाचा लावा. तिकडे तुमच्या भाच्याने इंग्लंडमध्ये घराला हीट पंप बसवला, तर मशीन दाखवायच्या आधी त्या लोकांनी खोली न् खोली मोजून घरातून किती उष्णता बाहेर जाते त्याचा कागद हातात दिला. असा कागद आपल्याकडे का मिळत नाही आणि घरच्या घरी करता येईल का, असं तुम्ही विचारलंय.

करता येतो. एक वही, मोजपट्टी आणि तासभर वेळ एवढं पुरतं. मी पंचवीसेक वर्षं या धंद्यात आहे. निम्मं काम रावेर-सावद्याकडच्या केळी पिकवायच्या खोल्यांचं आणि निम्मं घरांचं. त्यामुळे एक गोष्ट कायम डोळ्यांत खुपते. केळीसाठी खोली बांधायची म्हटली की शेतकरी, व्यापारी, बँकवाला, कोणीही विचारत नाही की पफचं पॅनल, म्हणजे उष्णता अडवणारं फोमचं पॅनल, कशाला. भिंतीला, छताला, दाराला पॅनल लागणारच, हे गृहीत असतं. त्या खोलीचा उष्णतेचा हिशेब वॅटपर्यंत होतो, कारण आत १६-१८ अंश राखता आले नाहीत तर माल जातो. त्याच माणसाच्या घरात मात्र आई-वडील पाच इंची उघड्या स्लॅबखाली झोपतात, आणि एसी घेताना हिशेब होतो तो फक्त चौरस फुटांचा. शंभर-सव्वाशे फुटांना एक टन, दीडशेच्या वर दीड टन. तुमची खोली १६८ चौरस फूट, म्हणून तुम्हाला दीड टन मिळाला. त्या आकड्यात तुमची गच्ची कुठेच नव्हती.

भाच्याकडचा हिशेब आधी समजून घेऊ, कारण पाया तोच आहे. एसी हाही हीट पंपच. आपला आतली उष्णता उचलून बाहेर टाकतो, तिकडचा बाहेरच्या थंड हवेतली उष्णता उचलून घरात आणतो. तिकडे थंडीतली सगळ्यात वाईट रात्र धरतात, समजा बाहेर उणे ३, आणि आत २१ हवेत. फरक २४ अंशांचा. मग प्रत्येक भिंत, छत, खिडकी, जमीन यांचं क्षेत्रफळ, गुणिले त्या पृष्ठभागातून एका अंशाच्या फरकाला एका चौरस मीटरमधून किती वॅट जातात तो आकडा, गुणिले फरक. या मधल्या आकड्याला यू-व्हॅल्यू म्हणतात. त्यात फटींतून येणारी हवा मिळवायची: खोलीचं घनमीटर, गुणिले तासाला हवा किती वेळा बदलते, गुणिले ०.३३, गुणिले फरक. सगळी बेरीज झाली की त्या घराचा हीट पंप किती किलोवॅटचा ते ठरलं. ऊन, माणसं, दिवे यांचा हिशेब तिकडे बहुतेक सोडून देतात, कारण ते मदतच करतात. शिवाय वाईट रात्री ऊन नसतंच.

आपल्याकडे नेमकं उलटं होतं. त्यांनी सोडून दिलेलं तेच आपल्याला मुख्य. हवेचा फरक बघितला तर बाहेर ४३, आत २६, म्हणजे १७ अंश, तिकडच्यापेक्षा कमीच. पण आपल्या छतावर मेच्या दुपारी चौरस मीटरला ९०० वॅटच्या आसपास ऊन पडतं. जळगाव साधारण २१ अंश अक्षांशावर. मेच्या शेवटच्या आठवड्यात भर दुपारी उभ्या काठीची सावली इथे पायाशीच जिरते. सूर्य बरोबर डोक्यावर असतो. दक्षिणेच्या भिंतीला त्या दिवसांत ऊन जवळजवळ लागतच नाही, सगळं गच्ची खाते. राखाडी सिमेंटची गच्ची त्यातलं ६०-७० टक्के पोटात घेते आणि हवा ४३ असताना ६५ अंशांपर्यंत तापते. ज्या गच्चीवर आपल्या बायका सकाळी ज्वारीचे बिबडे घालतात आणि दुपारी कडकडीत वाळलेले उचलतात, तिच्याच खाली चार-पाच इंचांवर तुमचं छत आहे.

आता तुमची खोली. फुटांचे मीटर केले: छत १५.६ चौरस मीटर, पश्चिमेची भिंत खिडकी वजा जाता ११.१, दक्षिणेची ११.१, खिडकी १.८६, खोलीचं आकारमान दहा फूट उंची धरून ४७.६ घनमीटर.

छतापासून सुरू करू. पाच इंची आरसीसी स्लॅब आणि खालून गिलावा, याची यू-व्हॅल्यू ३.३ येते. भारत सरकारच्या २०१८ च्या इको निवास संहितेत घराच्या छतासाठी १.२ ची कमाल मर्यादा घातली आहे. आपला साधा स्लॅब तिच्या जवळजवळ तिप्पट. तापमानाचा फरक इथे ४३ वजा २६ असा धरून चालत नाही, कारण वरची बाजू ६५ ला असते. पण ६५ वजा २६ असाही धरता येत नाही, कारण स्लॅब जाड आहे. वरचं तापमान खाली पोचायला तीन-चार तास लागतात आणि वाटेत थोडं मंदावतं. माझ्या वहीत उघड्या स्लॅबला संध्याकाळी पाचच्या सुमाराला ३० अंश फरक धरलेला असतो. १५.६ गुणिले ३.३ गुणिले ३०, म्हणजे १,५५० वॅट. एकट्या छतातून.

हे खरं वाटत नसेल तर इन्फ्रारेड थर्मामीटर घ्या. बंदुकीसारखा असतो, बटण दाबलं की समोरच्या पृष्ठभागाचं तापमान दाखवतो. एसी चालू असताना संध्याकाळी पाच वाजता छताच्या खालच्या अंगावर धरा, ४२ च्या आसपास दिसेल. हवा २६ ला आणली तरी माणसाच्या डोक्यावर ४२ चा तवा असतो. म्हणून रिमोटवर १८ लावूनही लोक म्हणतात, गार वाटतच नाही. हवा गार असते, तवा गरम असतो. अंगाला दोन्ही जाणवतात.

खिडकी दुसरा मोठा धनी. पश्चिमेच्या साध्या काचेवर दुपारी साडेचार-पाचला उतरतं ऊन सरळ आत येतं. १.८६ चौरस मीटर काचेतून ८०० वॅटच्या वर, शिवाय काच स्वतः गरम होते त्याचे १८०. सगळे मिळून १,००० वॅट. म्हणजे खोलीत हजाराची शेगडी लावून ठेवल्यासारखं. आतल्या पडद्याने यातला थोडाच भाग अडतो, कारण काचेतून आत आलेलं ऊन पडद्यावर पडलं तरी ती उष्णता खोलीतच राहते. काचेच्या बाहेर अडवलं तरच ते बाहेर राहतं.

बाकीचं भराभर सांगतो. नऊ इंची विटेची भिंत, दोन्हीकडून गिलावा, यू-व्हॅल्यू २ च्या जवळ. गंमत म्हणजे इंग्लंडमधल्या शंभर वर्षांपूर्वीच्या भरीव विटेच्या घरांची भिंत साधारण एवढीच आहे. त्यांच्या आजच्या नव्या घरांत ती ०.२ च्या आसपास असते. पश्चिमेच्या भिंतीतून पाच वाजता २९० वॅट, दक्षिणेच्या भिंतीतून २६५. आतल्या दोन भिंती साडेचार इंची आहेत आणि पलीकडच्या खोल्या ३६ अंशांवर, तिकडून ५५०. खालच्या मजल्यावरून जमिनीतून २००. फटींतून तासाला एकदा हवा बदलते असं धरून २६५. चार माणसांचे ४००, पंखा-टीव्ही-दिव्याचे १५०.

बेरीज ४,६७० वॅट.

एक टन म्हणजे ३,५१७ वॅट. अमेरिकेतला २,००० पौंडांचा टन, म्हणजे ९०७ किलो बर्फ, चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषतो त्यावरून हा आकडा आला. त्या हिशेबाने तुमच्या खोलीला १.३३ टन लागतात आणि मशीन दीड टनाचं आहे. मग पुरत का नाही?

कारण मशीनवर लिहिलेली क्षमता बाहेर ३५ अंश असताना मोजलेली असते. दीड टनाचं मशीन त्या तापमानाला साधारण ५,००० वॅट उचलतं. बाहेर ४५ झाले की तेच मशीन १५-२० टक्के कमी उचलतं, म्हणजे ४,००० ते ४,२५०. आणि तुमचं बाहेरचं युनिट तर गच्चीवर, दोन्हीकडून कठडा, खाली तापलेलं सिमेंट. त्याने बाहेर फेकलेली गरम हवा कोपऱ्यात फिरून परत त्यालाच मिळते. अशा युनिटच्या मागच्या जाळीपाशी मी ५० अंशांपर्यंत हवा मोजली आहे. तिथे क्षमता ३,८०० वॅटच्या आसपास येते. स्टार लेबलवरचा आकडाही बाहेर २४ ते ४३ अंश धरून, वर्षाला १,६०० तासांवर काढलेला असतो. तो देशाच्या सरासरीसाठी आहे, भुसावळच्या मेसाठी नाही.

आता भाच्याच्या कागदावरचा एक आकडा तुमच्याही कामाला येईल. वरच्या सगळ्या पृष्ठभागांचं क्षेत्रफळ गुणिले यू-व्हॅल्यू आणि फटींची हवा, यांची बेरीज केली तर तुमच्या खोलीचा आकडा येतो अंशाला सुमारे २१० वॅट. म्हणजे खोली एक अंशाने वर गेली की आत येणारी उष्णता २१० वॅटने घटते. गरज ४,६७०, मशीन देतंय ३,८००, तूट ८७०. भागिले २१०, साधारण चार अंश. २६ अधिक ४, तीस. तुम्ही लिहिलेला आकडा हाच. मशीन बिघडलेलं नाही, गॅसही कमी नाही. ते जेवढं देऊ शकतं तेवढं देतंय आणि खोली जिथे जमा-खर्च जुळतो तिथे थांबतेय. ‘गॅस भरून बघू’ म्हणणाऱ्याला आधी हा कागद दाखवा.

मग दोन टन लावला तर? दुकानदार खोटं बोलत नाही, दोन टनाचं मशीन तिथेही ४,८०० च्या आसपास देईल आणि खोली २६ ला येईल. पण तुम्ही १,५५० वॅट गच्चीतून आणि १,००० खिडकीतून आत घ्यायचे आणि ते बाहेर फेकायला जन्मभर वीज भरायची, असा तो सौदा आहे. शिवाय मोठं मशीन उरलेले दहा महिने मोठंच असतं. चोपड्याला एका घरी मी स्वतः, मालकाने आग्रह केला म्हणून, दीडच्या जागी दोन टनाचं साधं मशीन दिलं होतं. इन्व्हर्टर तेव्हा सर्रास नव्हते. मे छान गेला. जुलैत फोन आला, गाद्या दमट लागतात, कपाटाला वास येतो. पावसाळ्यात उष्णता कमी आणि ओल जास्त. मोठं मशीन पाच मिनिटांत हवा गार करून बंद पडायचं, ओल काढायला त्याला वेळच मिळत नव्हता. इन्व्हर्टरचं मशीन मंद चालू शकतं, त्यामुळे हा त्रास आता कमी झालाय, पण तेही एका मर्यादेपर्यंतच मंद होतं. तिकडे हीट पंपवालेही याच कारणासाठी जास्तीचं मशीन देत नाहीत. ते सारखं चालू-बंद होत राहतं आणि कॉम्प्रेसरचं आयुष्य जातं.

रात्रीचं गणित वेगळं आहे आणि खानदेशात तेच जास्त छळतं. रात्री अकराला खिडकीचं ऊन शून्य, हवा ३४ वर आलेली, तरीही माझा कागद ३,००० वॅटच्या जवळ राहतो. छतातून अजून ८७५ येतात. आणि पश्चिमेची भिंत, जी पाच वाजता २९० देत होती, ती आता ४९० देते. नऊ इंची वीट ओलांडायला उष्णतेला सात-आठ तास लागतात. चार वाजताचं ऊन तुमच्या उशाशी मध्यरात्री पोचतं. बाहेर गार झुळूक सुटलेली असते आणि भिंतीला हात लावावा तर ती कोमट.

त्यात तुम्ही एसी रात्री दहाला सुरू करता. स्लॅबचं वजन काढून बघा: १५.६ चौरस मीटर, पाच इंच जाडी, घनमीटरला २,४०० किलो. साधारण ४,७०० किलो काँक्रीट. ते एक अंशाने गार करायला १.१ युनिटांहून (किलोवॅट-तासांहून) जास्त उष्णता काढावी लागते. दहा अंश उतरवायचं तर अकरा-बारा युनिट उष्णता, म्हणजे तुमच्या मशीनचे सलग तीन तास, आणि त्यात नवीन येणारी उष्णता धरलेली नाही. रात्री एकपर्यंत मशीन का थांबत नाही त्याचं उत्तर इथे आहे. ते तुम्हाला गार करत नाही, आधी पावणेपाच टन दगड गार करतंय.

आपल्या जुन्या धाब्याच्या घरांची आठवण लोक काढतात आणि म्हणतात, तेव्हा एसी कुठे होते. खरंय, पण का ते समजून घ्यायला हवं. लाकडी कड्यांवर फूटभर मातीचं धाबं, त्याची यू-व्हॅल्यू हिशेबाने काही फार मोठी करामत नाही, १.३ च्या आसपास. खरी करामत वेळेची होती. दुपारचं ऊन मातीतून खाली उतरायला आठ-दहा तास लागायचे, म्हणजे दुपारी घर गार, आणि उष्णता खाली पोचायची तेव्हा माणसं खाली नसायचीच. खाटा अंगणात नाहीतर धाब्यावर. आपण धाबं काढून स्लॅब टाकला आणि रात्री खाटही आत घेतली. पाच इंची स्लॅबला धाब्याइतका उशीर लागत नाही आणि उष्णता आपण झोपेला जातो नेमकं तेव्हा घरात असते. म्हणून जुनं घर आठवून गच्चीवर नुसती जाडी वाढवणं हा तोडगा नव्हे. विटांच्या तुकड्यांचा चार इंची कोबा टाकला तर यू-व्हॅल्यू ३.३ वरून २.३ वर येते, हे चांगलंच, पण वजनही वाढतं आणि रात्रीची धग लांबते. उष्णता वरच्या वर परतवायची किंवा वरच्या वर अडवायची, हा खरा उपाय.

तुमच्या घरापुरतं काय करायचं ते सांगतो.

पहिलं, चुना. गच्ची स्वच्छ घासून चुना, पांढरं सिमेंट आणि डिंक किंवा बाजारातलं चिकट द्रावण मिसळून दोन हात द्यायचे. हल्ली कूल रूफचे तयार रंगही मिळतात, ते जास्त टिकतात. पांढरी गच्ची ऊन परतवते. ६५ टक्क्यांच्या जागी ३० टक्केच पोटात घेते. छताचा ३० अंशांचा फरक १९ वर येतो आणि १,५५० चे ९८० वॅट होतात. आपल्याकडे मेमध्ये धुळीची वावटळ उठते, चुना मळतो, म्हणून दर वर्षी होळीनंतर नवा हात हवाच. गच्चीवर बिबडे, कुरडया, पापड वाळवायची अडचण होईल असं घरातून ऐकू येईल. चादर पसरून घाला. ऊन तेवढंच पडतं, चटका फक्त पायांना कमी लागतो.

दुसरं, पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून बांबूची चटई किंवा शेडनेट. केळीच्या बागेला गरम वाऱ्याचा झोत लागू नये म्हणून आपण पश्चिमेला शेवरी लावतो, त्यातलंच हे तत्त्व. चटई काचेपासून वीतभर दूर हवी, मधून हवा वाहू द्यायची. १,००० वॅटचे २५० होतात. घट्ट बांधा, मेअखेरच्या वादळात सुटलेली चटई काच फोडते.

तिसरं, बाहेरचं युनिट त्या कोपऱ्यातून काढा. उत्तरेची किंवा पूर्वेची भिंत बघा, मागे फूटभर जागा, समोर मोकळं. हलवणं शक्य नसेल तर निदान दोन फूट उंच स्टँडवर घ्या, म्हणजे कठड्याच्या वरून त्याचा श्वास मोकळा होईल, आणि वर सावलीला पत्रा द्या. पत्रा त्याच्या तोंडासमोर नको.

चुना आणि चटई एवढंच केलं तरी ४,६७० चे ३,३५० वॅट होतात. तुमचं आहे तेच दीड टनाचं मशीन, आहे त्याच वाईट कोपऱ्यात ३,८०० देतंय. पुरलं. दोन टनाचे पैसे वाचले.

ते वाचलेले पैसे गच्चीवर घालायचे असतील तर ५० मिलिमीटरचे एक्सपीएसचे (थर्माकोलसारख्या पण दाट, कडक फोमचे) तुकडे, वरून जाळी मारून काँक्रीटचा थर, त्याच्यावर पांढऱ्या फुटक्या फरशीचं चायना मोझेक. यू-व्हॅल्यू ०.५ वर येते, छतातून पाच वाजता १५०-२०० वॅट एवढंच उतरतं, आणि स्लॅब तापायचाच थांबल्यामुळे रात्रीचा तो पावणेपाच टनांचा भार जातो. मग खोलीची एकूण गरज २,५०० वॅटच्या घरात, म्हणजे पुढे कधी मशीन बदलायची वेळ आली तर एका टनाचं चालेल. पण हे काम करण्याआधी गळती तपासा. स्लॅबवर पाणी साठवून दोन दिवस ठेवा, खाली ओल दिसली तर आधी वॉटरप्रूफिंग. एक्सपीएस टाकल्यावर गळती शोधणं फार कठीण जातं. पावसाच्या पाइपाकडचा उतारही कायम राहिला पाहिजे.

पीओपीच्या छताबद्दल लोक विचारतात. नुसती पोकळी सोडून पीओपी लावलं तर ३.३ चं साधारण २ होतं, आणि डोक्यावरचा तवा नजरेआड होतो, त्यामुळे बरं वाटतं. स्लॅब मात्र तसाच तापत राहतो. भाड्याचं घर असेल, गच्ची आपल्या हातात नसेल, तर हाच मार्ग. गच्चीवर पत्र्याची शेड घालणारेही खूप आहेत. बाजू मोकळ्या ठेवल्या तर शेड चुन्याहून जास्त काम करते, कारण स्लॅबला ऊनच लागत नाही. बाजू बंद केल्या की तिचीच भट्टी होते.

आणि कूलर. तो टाकून देऊ नका. मेमध्ये आपली हवा इतकी कोरडी असते की ४३ अंशांची हवा चांगल्या ओल्या ताटीतून २६-२७ ला बाहेर येते. त्याला खिडकी उघडी लागते आणि पाणी लागतं, मोठा लोखंडी कूलर तासाला १५-२० लिटर सहज पितो. ज्या गल्लीत नळाला दिवसाआड पाणी येतं तिथे ही साधी गोष्ट नाही. पहिला पाऊस पडला की तो निकामी होतो. एसी आणि कूलर एकाच वेळी मात्र कधीच नको. कूलरने आणलेली ओल काढण्यात एसीची ताकद जाते. दुपारी सात-आठ तास कूलर, रात्री खिडक्या बंद करून एसी २६ वर आणि पंखा, असं माझ्या घरी चालतं.

होळी झाली की चुना करून घ्या, चटई बांधा, युनिट उंचावर घ्या. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, दिवशी संध्याकाळी पाच वाजता एसी चालू ठेवून छताचं तापमान मोजा. ३६-३७ च्या आसपास आलं असेल तर काम जमलं. ४० च्या वर दिसलं तर चुन्याचा थर पातळ बसलाय किंवा धुळीने मळलाय, वर जाऊन आधी झाडून काढा आणि दुसरा हात द्या. छत ३७ आणि तरी खोली २८ च्या खाली येत नसेल, तर युनिटच्या मागच्या जाळीपाशी हवेचं तापमान घ्या आणि दोन्ही आकडे मला कळवा.